फोटोवर बोलावं कसं आणि ऐकावं कसं: हौशी फोटोग्राफर्सच्या गटासाठी

हौशी फोटोग्राफर्सचा गट फोटो बघायला बसला की साधारण दोन प्रकारचं बोलणं कानावर पडतं. पहिलं कौतुकाचं: 'अप्रतिम', 'कडक', 'काय टायमिंग आहे!' दुसरं नियमांचं: 'क्षितिज तिरकं आहे', 'सब्जेक्ट मधोमध आलाय', 'बॅकग्राउंड डिस्टर्बिंग आहे'. पहिल्याने माणूस खूश होतो, दुसऱ्याने हिरमुसतो. पण दोन्हींतून त्याचा पुढचा फोटो बदलत नाही, आणि पुढचा फोटो बदलावा म्हणूनच तर आपण एकमेकांचे फोटो बघत बसतो. समोरचा फोटो काढून झालेला असतो. त्याचं जे व्हायचं ते झालंय. पुढच्या वेळी त्याच जागी, तशाच उजेडात हा माणूस काय वेगळं करेल, एवढं त्याच्या हाती देता आलं तर बैठक कामी आली. खाली सांगितलेली पद्धत आठ-दहा जणांच्या, महिन्यातून एकदा जमणाऱ्या गटाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. दोघं मित्र चहाच्या टपरीवर फोटो बघत असतील तरी ती चालते.

सुरुवातीलाच एक फरक स्पष्ट करतो. आपल्याकडे फोटोग्राफीच्या संस्थांची परंपरा जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ची, तर देशभरच्या क्लबांची फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ची. या परंपरेतून सॅलॉन स्पर्धा आल्या. तिथे परीक्षक काही सेकंद फोटो बघून गुण देतात आणि पुढच्या फोटोकडे वळतात. हजारो फोटो समोर असताना दुसरं काही शक्यही नसतं. पण गटातल्या चर्चेत गुण द्यायचे नसतात. 'हा सॅलॉनला जाईल का?' हा प्रश्न एकदा आत शिरला की सगळे परीक्षक होतात आणि फोटो बघायचं राहून जातं. हा प्रश्न बैठक संपल्यावर, बाहेर चपला घालताना विचारावा.

फोटो निवडताना

प्रत्येकाने एक फोटो आणावा, फार तर दोन. दहा आणले की सगळ्यांवर वरवर बोललं जातं. आपल्याला आवडलेला, सगळ्यांनी नावाजलेला फोटो आणू नये. जो खुपतोय, ज्यात काहीतरी आहे पण जमलं नाही असं वाटतंय, तो आणावा. त्याच्याबरोबर त्या फोटोच्या आधीच्या आणि नंतरच्या चार-पाच फ्रेम्सही फोनमध्ये ठेवाव्यात. त्यांचा उपयोग पुढे येईल.

फाइलची काळजी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फाइलवर शार्पनेसची चर्चा करण्यात अर्थ नाही. एसआरजीबी (स्क्रीनसाठीचा नेहमीचा रंगसंच) रंगात, लांब बाजू दोन हजार पिक्सेलच्या आसपास ठेवलेली जेपेग पुरते. स्क्रीनचा नाइट मोड बंद करा, ब्राइटनेस मध्यावर आणा. शक्य असेल तेव्हा आठ बाय बाराची प्रिंट आणा. प्रिंटवर कोणी बोटांनी झूम करत बसत नाही, आख्खा फोटो बघतो.

आणि फोटोसोबत एक प्रश्न लिहून आणा. 'कसा वाटला?' हा प्रश्न नव्हे, त्याला 'छान' हेच उत्तर येणार. 'नजर आधी पालखीकडे जाते की डावीकडच्या पांढऱ्या शर्टाकडे?' किंवा 'गर्दी दाट वाटते का, की मध्ये पोकळी दिसते?' असा प्रश्न असला की बघणाराही नेमकं बघतो. हा प्रश्न लगेच वाचून दाखवायचा नाही, खिशात ठेवायचा.

पहिलं मिनिट कोणीच बोलायचं नाही

फोटो लावला की पूर्ण एक मिनिट गप्प बसायचं. नवख्या गटात हे मिनिट फार लांब वाटतं, कोणीतरी खाकरतं, कोणी 'लेन्स कुठली?' म्हणतं. लेन्स, कॅमेरा, सेटिंग यांतलं काहीही आत्ता विचारायचं नाही. फोटो मोठ्या सेन्सरच्या महागड्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर काढलाय की सहा वर्षं जुन्या फोनवर, हे कळलं की माणूस तसंच बघू लागतो.

फोटो कोणाचा हेही या टप्प्यावर माहीत नसलेलं बरं. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. गटात साठीचे सर असतात, कॉलेजातली पोरं असतात. सरांचा फोटो म्हटलं की पोरं 'सर, मस्तच' एवढं बोलून गप्प होतात, आणि पोरांचा फोटो म्हटलं की सर शिकवायला लागतात. फाइलना नावांऐवजी नुसते आकडे द्या. तरीही ओळखू येतं तेव्हा एक उपाय चांगला चालतो: गटातल्या सर्वांत अनुभवी माणसाचा फोटो आधी घ्या, आणि त्या माणसाने 'याच्यात मला हे खटकतंय' असं स्वतःच सांगून बोलायला वाट करून द्यावी.

आधी दिसतंय ते सांगा

आता बोलायचं, पण विशेषणाशिवाय. काय दिसतंय एवढंच. 'उजव्या कोपऱ्यात दीपमाळ आहे. मधोमध पालखी, तिच्याभोवती वर केलेले हात. वरचा तिसरा हिस्सा पिवळ्या धुराने भरलाय. डावीकडे खाली एकजण फोन वर धरून उभा आहे.' हे शाळकरी वाटेल, पण या टप्प्यात फोटो काढणाऱ्याला जेवढं कळतं तेवढं नंतरच्या तासाभरात कळत नाही. वर्णन करताना पाचातले चार जण फोनवाल्याचा उल्लेख करतात आणि पालखीच्या दांडीला धरलेल्या म्हाताऱ्याचा एकही करत नाही. ज्याने त्या म्हाताऱ्यासाठी फोटो काढला, त्याला आपलं उत्तर तिथेच मिळतं. कोणी एक शब्दही टीकेचा बोललेला नसतो.

त्यानंतर नजरेचा प्रवास: आधी कुठे गेली, मग कुठे, कुठून फ्रेमबाहेर निसटली. एकेकाने बोट फिरवून दाखवावं. फोटोत सर्वांत उजळ जागा, गडद आणि उजळ जिथे सर्वांत ठळकपणे शेजारी येतात ती जागा, चेहरा, आणि लिहिलेली अक्षरं इथे नजर आधी जाते. मागच्या भिंतीवरचा फ्लेक्स त्यामुळेच घात करतो. अक्षरं दिसली की माणूस ती वाचतोच.

हे झाल्यावर फोटो काढणाऱ्याने तोंड उघडायचं. खिशातला प्रश्न वाचायचा आणि आपल्याला काय पकडायचं होतं ते दोन वाक्यांत सांगायचं. 'पहाटे तीनला निघालो, पायऱ्यांवर काय गर्दी होती...' ही कहाणी नंतर चहाला. बघणाऱ्याला ती गर्दी माहीत नसते, त्याच्यासमोर फक्त फोटोची चौकट असते.

जेजुरीच्या एका फोटोवरून

आता खरी चर्चा. हवं होतं काय आणि दिसलं काय, यातलं अंतर कशामुळे पडलं? सोमवती अमावास्येचा जेजुरीचा फोटो घेतो, कारण महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गटात तो कधी ना कधी येतोच. वर्षातून दोन-तीनदा येणाऱ्या या दिवशी खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेच्या स्नानाला निघते, 'येळकोट येळकोट जय मल्हार'च्या गजरात भंडारा उधळला जातो, आणि गडाच्या तटावर कॅमेऱ्यांची रांग लागलेली असते.

तक्रार नेहमीची: भंडारा प्रत्यक्षात ढगासारखा दिसत होता, फोटोत पिवळा डाग आलाय. गटातला एकजण म्हणतो, 'ओव्हर गेलाय', म्हणजे उजेड जास्त झालाय. दुसरा म्हणतो, 'सॅच्युरेशन जास्त झालंय.' फोटो काढणारी म्हणते, 'पण काका, हिस्टोग्राम उजवीकडे चिकटला नव्हता, मी तिथेच तपासला.' (हिस्टोग्राम म्हणजे फोटोत गडद ते उजळ किती काय आहे ते दाखवणारा आलेख. उजवीकडे चिकटला की उजळ भागातलं डिटेल गेलं.) इथे 'ओव्हर गेलाय' म्हणून पुढच्या फोटोवर गेलो तर ती पुढच्या वेळीही तसाच फोटो आणेल. जरा खोदून बघितलं की कारण सापडतं. गडद पिवळ्या रंगात लाल आणि हिरवा हे दोन चॅनल (डिजिटल फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन थरांपैकी दोन) भरलेले असतात, निळा जवळजवळ रिकामा. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनलला ० ते २५५ एवढीच जागा. उन्हात भंडारा उडाला की बहुतेक वेळा लाल चॅनल आधी २५५ला जाऊन टेकतो आणि त्यापाठोपाठ हिरवा. ढगातले जाड-पातळ थर या चॅनलांतल्या बारीक फरकांनीच दिसतात. ते फरक गेले की उरतो सपाट पिवळा. आणि कॅमेऱ्याचा एकपदरी हिस्टोग्राम तिन्ही रंगांची मिळून उजळता दाखवतो, त्यामुळे एकटा लाल वाहून गेला तरी आलेख ठीकठाक दिसतो.

म्हणजे सांगायचं ते असं: 'पुढच्या वेळी आरजीबी हिस्टोग्राम (तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख) चालू ठेव, एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली घे, भडक रंगांच्या व्हिव्हिड ऐवजी न्यूट्रल प्रोफाइल ठेव आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल, काढ. ही फाइल रॉ असेल तर घरी पिवळ्याचं ल्युमिनन्स (उजळपणा) आणि सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) दोन्ही थोडं उतरवून बघ, थर परत येतात का ते कळेल.' एवढं ऐकून ती वहीत चार ओळी लिहिते. क्रिटिक, म्हणजे फोटोची कामी येणारी चिकित्सा, म्हणतात ते हे.

त्याच फोटोतला फोनवाला मात्र एडिटिंगचा विषय नव्हे. कोणीतरी लगेच म्हणेल, 'उडवून टाक त्याला, आजकाल एका टॅपचं काम आहे.' आधीच्या-नंतरच्या फ्रेम्स आता बाहेर काढा. बहुतेक वेळा असं दिसतं की तो माणूस पाचही फ्रेम्समध्ये तिथेच आहे आणि फोटो काढणाराही पाचही वेळा तिथेच उभा आहे. दोन पावलं उजवीकडे सरकलं असतं तर फोनवाला फ्रेमबाहेर गेला असता. चर्चेत ही वाटणी प्रत्येक मुद्द्यामागे करायची सवय लावून घ्या: हे घरी दुरुस्त होईल, की जागेवरच व्हायला हवं होतं? क्रॉप, सावल्या उघडणं, रंग सावरणं, क्षितिज सरळ करणं घरी होतं. उभं राहायची जागा, क्षण, उजेडाची दिशा घरी मिळत नाही. नवशिक्यांच्या बैठकी पहिल्या यादीतच अडकून पडतात, आणि खरी शिकवण दुसऱ्या यादीत असते.

'शार्प नाही' म्हणजे नक्की काय

हे वाक्य पक्ष्यांच्या फोटोंवर इतक्या वेळा येतं की त्यावर वेगळं लिहायला हवं. भिगवणचा, उजनीच्या पाणलोटातल्या रोहित पक्ष्यांचा फोटो समोर आहे आणि तो शार्प नाही. कारणं चार असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

शंभर टक्के झूम करून बघा. सगळं चित्र एकाच दिशेला ओढलं गेलं असेल, पाण्यावरच्या चमकत्या ठिपक्यांच्याही बारीक रेघा झाल्या असतील, तर कॅमेरा हललाय. होडीत हे हमखास होतं. नावाड्याला इंजिन बंद करायला सांगावं, होडी स्थिर होऊ द्यावी. पाणी, गवत शार्प आणि फक्त पंखांची टोकं पुसट असतील तर पक्षी हललाय. उडत्या रोहितासाठी शटर स्पीड १/१६०० किंवा १/२००० सेकंद घ्या, आणि त्यासाठी आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवायला घाबरू नका. पक्षी पुसट पण त्याच्या पुढचं किंवा मागचं पाणी खणखणीत असेल तर फोकस चुकलाय. आणि चौथं, जे ओळखलं जात नाही ते: फ्रेममध्ये कुठेच काही शार्प नाही, पायांच्या कडा वितळल्यासारख्या नागमोडी झाल्यात, सलग दहा फ्रेम्स तशाच. हा हवेचा दोष. उन्हं तापली की पाण्यावरच्या हवेतून लांबून काढलेला फोटो असाच येतो, लेन्स कितीही महागाची असो. इलाज म्हणजे सकाळी लवकर जाणं आणि अंतर कमी असेल तेव्हाच बटण दाबणं. लेन्स दुरुस्तीला टाकायला निघालेल्या माणसाला हे सांगितलं तर त्याचे पैसे वाचतात.

म्हणून 'शार्प नाही' एवढ्यावर कोणाला थांबू देऊ नका. 'कुठे? कसं?' विचारा. कॅमेरा-लेन्सची माहिती विचारायची वेळ ही. शटर स्पीड, फोकल लेंग्थ, फोकस पॉइंट कुठे होता, हे आता उपयोगाचं आहे.

रचनेच्या नियमांनाही हेच लागू. 'तृतीयांशाचा नियम (मुख्य विषय मधोमध न ठेवता फ्रेमच्या एक-तृतीयांश रेघेवर ठेवायचा) मोडलाय' हे वाक्य गटातून हद्दपार करावं असं माझं स्पष्ट मत आहे. मोडल्याने काय झालं ते सांगा. 'वारकरी फ्रेमच्या उजव्या कडेला बाहेर बघतोय, त्यामुळे तो चालतोय त्या वाटेला जागाच उरली नाही' हे ऐकून फोटो काढणारा 'मला ती कोंडीच हवी होती' असंही म्हणू शकतो. मग नियम बाजूला ठेवून ती कोंडी दिसते का यावर बोलता येतं.

सांगणाऱ्यासाठी आणखी थोडं

मुद्दे पाच सुचले तरी दोनच सांगा, आणि त्यांतला एक असा हवा की जो माणूस पुढच्या रविवारी करून बघू शकेल. 'तू' आणि 'तुझा' यांऐवजी फोटोकडे बोट दाखवून बोला. 'तू एक्स्पोजर घालवलंस' आणि 'इथे, फेट्यावर, डिटेल गेलंय' यांत माहिती सारखीच आहे, ऐकणाऱ्याची मनःस्थिती मात्र वेगळी राहते. 'मी असतो तर' हे शब्द टाळा. तुम्ही तिथे नव्हता, आणि तुमचा फोटो काढायचा नव्हता.

कौतुकही नेमकं करा. 'छान' न म्हणता 'म्हाताऱ्याच्या मनगटावर उजेड पडलाय त्याच क्षणी बटण दाबलं गेलंय' असं म्हटलं की फोटो काढणाऱ्याला आपण काय बरोबर करतो ते कळतं. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. मग ते आपली जमेची बाजू सोडून देतात आणि भलतंच दुरुस्त करत बसतात.

ऐकणाऱ्यासाठी

आपल्या फोटोवर बोलणं चालू असताना समर्थन करू नका. वही उघडा आणि बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. समजलं नाही तर फक्त एवढंच विचारा: 'नेमकं कुठे?' उत्तर द्यायला तोंड उघडलं की कान बंद होतात, आणि समोरचाही पुढच्या वेळी हातचं राखून बोलतो.

मग आलेल्या सूचनांचं काय करायचं? माझा अनुभव असा की लोक दुखणं बरोबर दाखवतात, औषध चुकीचं सांगतात. एक म्हणतो वरून क्रॉप कर, दुसरी म्हणते आकाश गडद कर, तिसरा म्हणतो ब्लॅक अँड व्हाइट कर. तीन औषधं, पण तिघांनाही वरचा भाग खुपतोय. खुपणारी जागा खरी माना. औषध तुमचं तुम्ही शोधा. कदाचित तिथे आकाशच नको होतं, कॅमेरा गुडघ्यापर्यंत खाली न्यायला हवा होता. उलट एकालाच काही खुपत असेल आणि बाकी कोणाला दिसतही नसेल, तर लिहून ठेवा आणि सोडून द्या.

लगेच घरी जाऊन फोटो बदलू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग मूळ फाइलची व्हर्च्युअल कॉपी करून त्यावर बदल करा. मूळ तसाच ठेवा. दोन्ही शेजारी लावून बघा. कधीकधी जुनाच बरा वाटतो, आणि का बरा वाटतो हे आता सांगता येतं. पुढच्या बैठकीला नवा फोटो आणण्याआधी एक मिनिट या जोडीला द्या. गटालाही कळतं की आपण बोललो त्याचं काय झालं.

फोटो चांगला, पण काढला कसा?

हा प्रश्न चर्चेत घ्यावाच लागतो, आणि तो तंत्राच्या चर्चेत मिसळू नये. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्याची वीण असते. मातीच्या उभ्या काठात बिळासारखं घरटं, आणि पिल्लांसाठी चोचीत पाल किंवा खेकडा घेऊन येणारा हा रंगीत इवलासा पक्षी. रायगडचा हा जिल्हा पक्षी. फोटो देखणाच येतो. पण घरट्यासमोर माणसं दाटीने बसली की पक्षी चारा घेऊन घिरट्या घालत राहतो, आत शिरत नाही. असा फोटो समोर आला तर आधी विचारा: किती अंतरावरून, किती वेळ, पक्ष्याला बोलवायला त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला होता का, फांद्या छाटल्या होत्या का? गटाने आधीच ठरवून ठेवावं की घरट्यावरचे फोटो घ्यायचे की नाहीत. माझ्या मते घेऊ नयेत. एकाचं कौतुक झालं की पुढच्या आठवड्यात तिथे आणखी पाचजण जातात. फियाप (आंतरराष्ट्रीय महासंघ), पीएसए (अमेरिकेतली) आणि आरपीएस (ब्रिटनमधली) या फोटोग्राफी संस्थांच्या सामाईक व्याख्येत निसर्ग छायाचित्रातली कुठलीही गोष्ट वाढवायची, हलवायची किंवा काढून टाकायची नसते. क्रॉप चालतो. तेव्हा 'ती काडी क्लोन कर' (शेजारचा भाग तिच्यावर चढवून पुसून टाक) ही सूचना निसर्गाच्या फोटोला देण्याआधी तो कशासाठी काढलाय ते विचारा.

माणसांच्या फोटोलाही असाच एक प्रश्न असतो. वारीत नदीवर अंघोळ करणाऱ्या बाईचा, रस्त्याकडेला झोपलेल्या म्हाताऱ्याचा फोटो भिंतीवर लावला आणि ती व्यक्ती दारातून आत आली तर आपण तो उतरवू का? उतरवणार असू तर त्याच्या उजेडावर बोलायची गरज नाही.

बैठक बिघडली तर

बैठक चालवायला एकजण नेमा आणि दर वेळी माणूस बदला. त्याचं काम घड्याळ बघणं: एका फोटोला सात-आठ मिनिटं, दीड तासात दहा-बारा फोटो, त्यापुढे डोळे दमतात. दोघं कॅमेरा कंपन्यांवरून भांडायला लागले तर त्याने सरळ फोटोकडे बोट दाखवून 'यात ते कुठे दिसतंय?' असं विचारावं. कोणी दुखावल्यासारखा गप्प झाला तर सगळ्यांसमोर समजूत काढू नये, पुढचा फोटो लावावा आणि नंतर बाजूला घेऊन बोलावं. एखाद्याचा पहिलाच फोटो असेल तर वर्णन आणि नजरेचा प्रवास एवढ्यावरच थांबावं. सुधारणा त्याने मागितल्या तरच सांगाव्यात. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत स्वतःहून मागतात. ज्याने मागितल्या त्याच्या वहीत तारीख घालून त्या लिहून द्याव्यात: कुठे उभं राहायचं, किती वाजता जायचं, काय सेटिंग ठेवायचं.